घाणेरीवर तणनाशक नको म्हणायचंय? मग ग्रामसभेत काय घेऊन जायचं

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. गावालगतच्या राखीव जंगलात घाणेरी (तुमच्याकडे टणटणी म्हणत असतील) इतकी माजली आहे की गुरं आत शिरत नाहीत आणि तेंदूपानाला जायची जुनी वाट बुजून गेली आहे. या पावसाळ्यात तिथे ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचा प्रस्ताव वनविभागाकडून आला आहे. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. ग्रामसभेत विरोध करायचं काही जणांनी ठरवलंय, पण 'मग घाणेरी तशीच ठेवायची का?' असं कुणी विचारलं की सगळे गप्प होतात. विरोध योग्य आहे का आणि तो मांडायचा कसा, हे तुम्हाला हवंय.

विरोध योग्य आहे. पण नुसतं 'विष नको' एवढंच म्हणाल तर सभेतही हराल आणि जंगलातही.

मी विदर्भात ग्रामसभा आणि वनसमित्यांबरोबर तण काढणी आणि गवताळ कुरणांचं काम बरीच वर्षं करतो आहे. त्या बळावर सांगतो, तुम्हाला गप्प करणाऱ्या माणसाचा प्रश्न रास्त आहे. घाणेरी तशीच ठेवणं हाही एक निर्णयच असतो, आणि तो वाईट निर्णय असतो. हे झुडूप मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आलं. २०२० साली भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भारतातलं सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगल घाणेरीने व्यापल्याचा अंदाज आहे. वाघांच्या अधिवासाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग त्यात येतो. तिच्या गचपणाखाली गवत टिकत नाही. पाल्यात यकृत बिघडवणारं विष असतं, म्हणून गुरं आणि हरणं तिला सहसा तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात जमिनीवरची आग तिच्या काटक्यांवरून थेट झाडांच्या फांद्यांपर्यंत चढते. म्हणजे विरोध घाणेरी काढण्याला नाही, हे तुमच्या निवेदनाच्या पहिल्याच ओळीत आलं पाहिजे.

मग खरा प्रश्न कोणता? 'घाणेरी मारायची कशी' हा प्रश्न सोपा आहे. ती कुऱ्हाडीने मरते, जेसीबीने मरते, औषधानेही मरते. अवघड प्रश्न हा की ती गेल्यावर त्या जागी काय उगवणार, आणि ते उगवेपर्यंत तिकडे लक्ष कोण देणार. घाणेरीला ऊन लागतं. दाट सावलीच्या जंगलात ती फारशी फोफावत नाही. जिथे वरचं छत्र विरळ झालंय, दरवर्षी वणवा लागतो, चराईने गवत मुळापर्यंत खाल्लं गेलंय, तिथे ती येते आणि ठाण मांडते. त्या तिन्ही गोष्टी तशाच राहिल्या तर रिकामी झालेली जागा पुन्हा तिचीच. तिची नसली तर रानतुळशीची, रानमोडीची किंवा गाजरगवताची. फवारणीच्या प्रस्तावात मला हेच पान कोरं दिसतं: किती हेक्टर, किती लिटर, किती दिवस हे सगळं असतं, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर काय करायचं याबद्दल एक ओळही नसते.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुमचं जंगल मी पाहिलेलं नाही. पहिलं, जमीन कोणत्या वर्गात मोडते. तुम्ही राखीव जंगल म्हणता, पण त्याचा काही भाग अभयारण्यात येत असेल तर कायदाच वेगळा लागतो. त्यावर खाली लिहितो. दुसरं, घाणेरी सलग भिंतीसारखी आहे की मधूनमधून बेटं आहेत. बेटं असतील तर काम हातात आहे. सलग असेल तर सगळं एका वर्षात काढायचा नाद सोडा. तिसरं, तण नक्की कोणतं. गाववाले कधीकधी रानमोडीलाही घाणेरीच म्हणतात, आणि दोघींचा स्वभाव वेगळा आहे. चौथं, उतार. तीव्र उतारावर मुळं उपटली की पावसात माती निघून जाते, तिथे वेग अजून कमी ठेवावा लागतो. आणि पाचवं, माणसं. तुमच्या गावात चैत्र-वैशाखात तेंदू आणि मोहाच्या हंगामातून काढणीला किती हात मोकळे राहतात, हे तुम्हालाच माहीत.

फवारणीला माझा विरोध का, ते आता. पण त्याआधी एक मुद्दा बाजूला ठेवायला सांगतो: कॅन्सर. सभेत कुणीतरी तो पहिल्याच मिनिटाला काढेल. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला 'मानवात कर्करोगास बहुधा कारणीभूत' या गटात टाकलं, हे खरं आहे. त्याच वेळी अमेरिका आणि युरोपच्या नियामक संस्थांनी वेगळा निष्कर्ष काढला, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याला पुढची दहा वर्षं मान्यता दिली, हेही खरं आहे. समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात दुसरा कागद असणारच. मग चर्चा तिकडे वळते, तासभर जिनिव्हा आणि ब्रसेल्स चालतं आणि तुमचं जंगल बाजूला पडतं. ज्या मुद्द्यावर जगातले तज्ज्ञच एकमेकांशी भांडतायत तो ग्रामसभेत सुटणार नाही. आपल्याकडे त्याहून पक्के मुद्दे आहेत.

सगळ्यात पक्का मुद्दा वेळेचा. ग्लायफोसेट पानातून आत शिरतं, झाडाच्या वाढीसाठी लागणारी काही अमिनो आम्लं तयार होण्याची वाट अडवतं आणि झाड आतून उपाशी मरतं. त्यासाठी झाड जोमात वाढत असावं लागतं. आपल्याकडे हा काळ म्हणजे आषाढ ते भाद्रपद. आणि नेमका त्याच काळात जंगलात काय चाललेलं असतं? बाया तरोटा खुडायला, काटवलं आणायला जातात. वारुळांवर सात्या (खायची अळंबी) निघतात. साचलेल्या डबक्यांत बेडकांची अंडी आणि पिल्लं असतात. नवं गवत आणि ऐन, धावडा, चारोळीची रोपं जमिनीतून नुकती डोकं काढत असतात. ग्लायफोसेटला घाणेरी आणि चारोळी यांतला फरक कळत नाही. हिरवं ते सगळं त्याच्यासाठी सारखंच. शेतात हा दोष चालून जातो, कारण शेतात एकच पीक वाचवायचं असतं. जंगलात आपल्याला शंभर गोष्टी वाचवायच्या असतात आणि एकच मारायची असते.

बेडकांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा मुद्दा हसण्यावारी नेला जातो. २००५ मध्ये अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रिक रेलिया यांनी ग्लायफोसेटचं बाजारात मिळणारं मिश्रण कृत्रिम डबक्यांत वापरून पाहिलं, तेव्हा त्यातली बेडकांची बहुतेक पिल्लं मेली. मात्रा जास्त होती आणि औषध सरळ पाण्यावर मारलं गेलं, अशी टीका त्या प्रयोगावर झाली, आणि ती तुम्हाला माहीत असावी. पण त्यातून एक गोष्ट पुढे आली: घातक भाग नुसता ग्लायफोसेटचा नव्हता, ते पानाला चिकटावं म्हणून मिसळलेल्या साबणासारख्या द्रव्याचाही मोठा वाटा होता. म्हणून 'ग्लायफोसेट मातीत घट्ट बसतं, वाहून जात नाही' असं उत्तर मिळालं (ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे), तर शांतपणे विचारा, 'मिश्रणातल्या बाकीच्या द्रव्यांचं काय, आणि फवारणीच्या क्षेत्रातल्या डबक्यांचा नकाशा केला आहे का?'

दुसरा मुद्दा मजुरीच्या हिशेबाचा. फवारणीचा मोठा युक्तिवाद असा असतो की ती स्वस्त पडते, माणसं कमी लागतात. कागदावर तसं दिसतंही. पण पुरुषभर उंचीच्या जुन्या घाणेरीवर थेट फवारा मारून भागत नाही. वरची पानं करपतात, आतली खोडं जिवंत राहतात. म्हणून तणशास्त्राची नेहमीची शिफारस अशी की आधी झुडूप छाटा आणि नव्या फुटव्यावर औषध मारा. म्हणजे छाटायला माणसं लागलीच! त्यानंतर फवारायला लागली, जे फुटलं त्यावर पुन्हा फवारायला लागली, आणि पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून येणाऱ्या रोपांसाठी पुढच्या वर्षी पुन्हा लागली. वाचते ती फक्त मूळ खणायची मजुरी. हा हिशेब सभेत फळ्यावर मांडा. आकडे तुमच्याच परिक्षेत्राच्या अंदाजपत्रकातून घ्या, माझ्याकडून नको.

तिसरा मुद्दा फवारणाऱ्या माणसाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हेत, आणि दोन्हींची सरमिसळ करू नका. पण त्या वेळी एक गोष्ट वारंवार पुढे आली होती. कपाशी डोक्याएवढी वाढलेली होती आणि फवारा तोंडावर, अंगावर परत येत होता. घाणेरीचंही तसंच असतं, वर काटेही. पावसाळी दमटपणात मास्क, चष्मा आणि अंगभर कपडे घालून त्या गचपणात पंप पाठीवर घेऊन दिवसभर कोण उभं राहील? जो राहील तो मास्क काढूनच राहील, आणि तो बहुधा तुमच्याच गावातला असेल.

चौथा मुद्दा मेलेल्या झुडपाचा. औषधाने मेलेली घाणेरी उभीच राहते. पुढच्या उन्हाळ्यात ते वाळलेलं सरपण जागच्या जागी असतं. वणवा लागला की छत्र आणखी विरळ होतं, आणि छत्र विरळ झालं की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

मग करायचं काय? इथे मी सविस्तर लिहितो, कारण सभेत तुमचं वजन याच भागावर ठरणार आहे.

घाणेरी जमिनीबरोबर छाटणं हा सगळ्यात मोठा अपव्यय. खोडाच्या बुंध्याशी, मूळ जिथे सुरू होतं त्या सांध्यावर, फुटव्याचे डोळे असतात. वरून छाटलं की एका खोडाची दहा होतात. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात यावर एक साधी पद्धत बसवली, आणि ती पुढे मध्य भारतातही वापरली गेली. जमिनीखाली साधारण ३ ते ५ सेंटिमीटरवर, म्हणजे फुटव्याच्या सांध्याच्या खाली, मुख्य मूळ कुदळीने तोडायचं. मग अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं: मुळं आभाळाकडे, फांद्या खाली. उलटं का, तर बुंधा ओल्या मातीला टेकला की तो पुन्हा मुळं धरतो. उलटं ठेवलं की तिथेच वाळून जातं. जमीन फारशी उकरली जात नाही, आणि हा या पद्धतीचा खरा फायदा. जेसीबीने उपटलं तर काम झपाट्याने होतं, पण माती वरखाली होते आणि त्या मोकळ्या मातीत पहिल्या पावसाबरोबर गाजरगवत हजर होतं.

मोठ्या झुडपांचं काम मी पावसाच्या आधी करून घेतो. तेव्हा फळं कमी असतात आणि उलटं ठेवलेलं झुडूप पक्कं वाळतं. छोटी रोपं मात्र पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाल्यावर हाताने उपटायची; ओल्या मातीतून ती मुळासकट येतात. ही रोपं कुठे शोधायची तेही ठरलेलं आहे. बुलबुल आणि साळुंक्या फळं खाऊन ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली, आणि ओढ्याच्या काठाने. अख्खं जंगल पालथं घालायची गरज नसते. गावातली पोरं एकदा शिकली की बसायची झाडं आपल्यापेक्षा पटकन ओळखतात.

सुरुवात कुठून करायची यावर माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. वनविभाग आणि गाव दोघांनाही सगळ्यात दाट पट्ट्यापासून सुरू करायचं असतं, कारण तिथे फोटो चांगला येतो. मी सांगतो, जिथे जंगल अजून चांगलं आहे आणि घाणेरी तुरळक आहे तिथून सुरू करा आणि दाट भागाकडे सरकत जा. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकापासून हाच क्रम पाळून हाताने तण काढलं. चांगल्या जागेतून वाईट जागेकडे जायचं, माती कमीत कमी हलवायची, आणि मूळ वनस्पती रिकामी जागा भरून काढतील त्याच वेगाने पुढे सरकायचं, एवढे तीन नियम. तिसरा नियम पाळणं सगळ्यात कठीण, कारण मंजूर निधी मार्चपर्यंत खर्च करायचा असतो.

रिकामी जागा भरणार कशाने? तुमच्या भागात बहुतेक गवताने. आदल्या वर्षी कार्तिक-मार्गशीर्षात जवळच्याच चांगल्या कुरणातून शेडा, पवना, मारवेल यांचं बी गोळा करून ठेवायचं आणि घाणेरी काढलेल्या जागेवर पावसाच्या तोंडावर फेकायचं. जवळच्या म्हणजे खरोखर जवळच्या; बाहेरून पोत्यात आलेलं बी मी घेत नाही, त्यात काय काय असतं कोण जाणे. त्या जागेवर दोन पावसाळे चराई बंद. हे बोलायला सोपं आणि करायला फार कठीण आहे, म्हणून गुराख्यांशी बोलणी आधी करा, काढणी नंतर. त्यांना पर्यायी पट्टा दाखवल्याशिवाय बंदीचा ठराव करू नका, तो टिकणार नाही. मोहफुलं वेचायला झाडाखाली आग लावायची सवय तुमच्याकडे असेल, तर त्याचाही बंदोबस्त याच बैठकीत. झाडाखालचा पाला आधी झाडून ढीग केला किंवा खाली जाळी अंथरली तरी फुलं वेचता येतात.

काढलेल्या घाणेरीचं काय होतं, हे लोक विचारतात. कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरांतल्या सोलिगा लोकांनी तिच्या खोडांपासून फर्निचर बनवायचं काम उभं केलं. निलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी बनवलेले घाणेरीचे पूर्ण आकाराचे हत्ती २०२१ मध्ये लंडनच्या बागांत मांडले गेले. कौतुकाची गोष्ट आहे, पण एवढ्यावर हेक्टरच्या हेक्टर साफ होत नाहीत. फर्निचरला सरळ, जाड खोडं लागतात आणि ती निवडून नेली जातात. बाकीचं झुडूप फुटवे धरून तिथेच राहतं. कुंपण आणि सरपण म्हणून गावाने वापरलं तरी पुष्कळ झालं.

आणि एक सावधगिरी. दाट घाणेरीत अस्वल असू शकतं, रानडुकरं असतात, बिबट्याची पिल्लंही. एकट्याने शिरायचं नाही, आवाज करत जायचं, आणि सगळंच्या सगळं एका दमात काढायचं नाही. पट्टे सोडून काढा, म्हणजे लपणारे प्राणी शेजारी सरकू शकतात.

इतर तणांबद्दल झटपट. रानमोडीची मुळं वरवर असतात, ती श्रावणानंतर ओल्या जमिनीतून हाताने निघते. पण तिचं बी वाऱ्याने उडतं, म्हणून फुलं यायच्या आत, दसऱ्यापर्यंत काम संपलं पाहिजे. रानतुळस एका वर्षाची आहे, दोन-तीन वर्षं बी धरू दिलं नाही की जोर ओसरतो. गाजरगवत उपटताना हातमोजे घाला, त्वचेला खाज सुटते. पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आता कुठे नाही ते सांगा. वेडी बाभूळ हा वेगळाच विषय आहे, तिच्यावर अनेकांचं सरपण आणि कोळसा अवलंबून असतो; तो वाद इथे नको.

मी कुठे नरम पडतो, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही माझं म्हणणं जसंच्या तसं सभेत वाचून दाखवाल. फवारणी वेगळी आणि तोडलेल्या बुंध्याला ब्रशने औषध लावणं वेगळं. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून चाललेल्या 'वर्किंग फॉर वॉटर' या सरकारी कार्यक्रमात हजारो मजुरांच्या हाताने झाडं तोडून बुंध्यांना तणनाशक लावलं जातं, आणि त्यामागे विचार आहे, बेपर्वाई नाही. खडकाच्या कपारीत वाढलेलं, मूळ खणताच येत नाही असं एखादं परकीय झाड असेल, आसपास पाणी नसेल, औषध त्या वापरासाठी नोंदलेलं असेल आणि पुढची देखरेख लिहून दिलेली असेल, तर मी आडवा पडत नाही. पण घाणेरीसाठी ही वेळ क्वचितच येते, कारण तिचं मूळ कुदळीच्या दोन-चार घावांत तुटतं. किडे सोडण्याचा उपाय कुणी सुचवला तर एवढं माहीत असू द्या: घाणेरीवर भारतात १९२१ पासून परदेशी कीटक सोडून पाहिलेत आणि ती अजून उभी आहे.

आता कागद. तुमच्या क्षेत्राचा तुकडा अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात येत असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३२ वाचा. अभयारण्यात वन्यजीवांना इजा किंवा धोका पोहोचवू शकतील अशी रसायनं कोणीही वापरायची नाहीत, असं ते सांगतं. कलम ३५ मुळे तेच राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतं. आणि या कायद्यातल्या 'वन्यजीव' या व्याख्येत अधिवासाचा भाग असलेली वनस्पतीही येते. त्याच कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने 'आक्रमक परकीय प्रजाती' हा विषय आला आहे, म्हणजे घाणेरी काढणं कायद्याच्या भावनेविरुद्ध नाही. समोरून हा मुद्दा येईल, तयारी ठेवा. तुम्हीही काढायच्याच बाजूचे आहात हे तिथे पुन्हा सांगता येईल.

तुमची खरी ताकद मात्र वनहक्क कायदा, २००६ ही आहे. सामूहिक वनहक्कात जंगलाचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार येतो, आणि कलम ५ ग्रामसभेला अधिवासाचं नुकसान रोखण्याचा अधिकार देतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा हक्क मिळाल्यापासून विदर्भात त्याची परंपरा तयार झाली आहे. तुमच्या ग्रामसभेने स्वतःचा व्यवस्थापन आराखडा केलाय का? नसेल तर घाणेरी काढणीचं प्रकरण त्याचं पहिलं प्रकरण करा. रोजगार हमीतून मजुरी बसवता येते का, हे गटविकास अधिकारी आणि वनपरिक्षेत्र अधिकारी दोघांना एकत्र बसवून विचारा. वेगवेगळे विचारलेत तर एक दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

ग्लायफोसेटबाबत केंद्रीय कृषी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करावा असं बंधन घातलं. म्हणून लेखी विचारायच्या गोष्टी अशा: फवारणी नक्की कोण करणार, त्याच्याकडे परवाना आहे का, ही अधिसूचना कार्यालय कशी पाळणार, बाटलीच्या लेबलवर जंगलातला हा वापर नमूद आहे का, फवारणीनंतर किती दिवस गुरं आणि माणसं आत जाणार नाहीत आणि ते कोण पाहणार, आणि पुढची तीन वर्षं देखरेखीचा निधी कुठून. तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही असेल तर त्या क्षेत्रातून पावसाळ्यात कोणत्या रानभाज्या, कंद, सात्या आणल्या जातात त्याची पानं काढून निवेदनाला जोडा. नोंद नसेल तर या आठवड्यात गावातल्या बायांना बसवून करा. फवारणीच्या काळात त्या क्षेत्रातून गाव काय खातं हे कागदावर दिसलं की अधिकाऱ्यालाही वर उत्तर द्यायला काहीतरी मिळतं. स्थानिक अधिकारी बरेचदा तुमच्याच बाजूचा असतो. त्याला वरून आलेलं उद्दिष्ट पूर्ण करायचं असतं आणि कुणी दुसरा मार्ग आणून दिला तर हवाच असतो.

म्हणून सभेत ठराव दोन भागांत आणा. पहिला, फवारणीला ग्रामसभेची संमती नाही, कारणं वर दिली तीच. दुसरा, लगेच त्याच्याखाली: ग्रामसभा अमुक कक्षातला चांगल्या जंगलालगतचा दोन-तीन हेक्टरचा तुकडा या वर्षी स्वतः साफ करील, पुढचे दोन पावसाळे रोपं उपटेल, चराई बंद ठेवील, आणि वनविभागाने तितकंच क्षेत्र आपल्या पद्धतीने नव्हे तर याच पद्धतीने शेजारी करावं. तीन वर्षांनी दोन्ही तुकडे एकत्र पाहू. क्षेत्र छोटं ठेवा. गावाच्या हातून होईल तेवढंच लिहा, कारण या ठरावातलं दुसरं वाक्य पुरं झालं नाही तर पुढच्या वेळी पहिलं कुणी ऐकणार नाही.

तुकडा कोणता घ्यायचा यावर अडलात तर कक्ष क्रमांक, उतार, ओढ्याचं अंतर आणि वर कोणती झाडं आहेत एवढं लिहून पाठवा. चारही दिशांनी काढलेले दोन-चार फोटो जोडा, उन्हाळ्यातले असले तर उत्तम, कारण पावसाळ्यात सगळंच हिरवं दिसतं आणि काही कळत नाही.